व्हिसा विचारतो जोडीदार कोण, गाव विचारते जात कोणती

परदेशी शिष्यवृत्तीची यादी लागली की आपल्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो. निवड झालेल्या मुलामुलींचे फोटो, मागे निळा रंग आणि खाली 'बाबासाहेबांच्या पावलावर पाऊल' अशी ओळ. हा आनंद खरा आहे, तो मिरवलाच पाहिजे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती वर्षाला ७५ जणांना मिळते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागांपैकी ११५ जागा संपूर्ण देशातल्या अनुसूचित जातींसाठी आहेत. एवढ्या मोठ्या समाजातून एवढीशी दारे, आणि त्यातून आपली पोरे आत शिरतात. पण या गडबडीत एक प्रश्न कुणी विचारत नाही. ही मुलगी, हा मुलगा एकटाच जाणार आहे का? त्याला किंवा तिला जोडीदार असेल, आणि अजून लग्न झालेले नसेल, तर त्या जोडीदाराचे काय?

'काय म्हणजे? लग्न करून न्यायचे, नाहीतर वाट बघायला सांगायचे.' असे उत्तर देऊन आपण मोकळे होतो. आमचे म्हणणे असे की हा प्रश्न इतका सोपा नाही आणि तो खाजगीही नाही. जगातल्या अनेक देशांच्या व्हिसाच्या नियमांत 'अविवाहित जोडीदार' असा रकाना आहे. तो भरायला जो पुरावा लागतो, तोच पुरावा आपल्याकडची जातव्यवस्था तयार होऊ देत नाही. म्हणून लंडनच्या किंवा टोरांटोच्या फॉर्मवरचा हा रकाना आपल्यासाठी जातीचाच प्रश्न होतो, आणि चळवळीने तो आपला प्रश्न म्हणून हातात घेतला पाहिजे.

एक उदाहरण धरून चालू. मुलगी मिरजेची, बौद्ध. मुलगा वाळवा तालुक्यातला, मराठा. कराडला शिकताना ओळख झाली, आता दोघे पुण्यात नोकरी करतात, नाते चार वर्षांचे. मुलीला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला. हे उदाहरण आम्ही समजुतीसाठी रचले आहे, पण सातारा-सांगलीच्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर अशा जोड्या सापडतील. या दोघांना एकत्र जायचे आहे. त्यांच्यापुढे वाटा कोणत्या?

कागदावरच्या वाटा

आधी ब्रिटन, कारण आपली बरीच मुले तिकडे जातात. ब्रिटनच्या नियमात अविवाहित जोडीदाराला जागा आहे. लग्नासारखे नाते किमान २ वर्षांचे असले पाहिजे. पूर्वी ही २ वर्षे एका छताखाली राहिल्याचे दाखवावे लागे. ३१ जानेवारी २०२४ पासून ती सक्तीची अट गेली, पण नाते खरे असल्याचा पुरावा द्यावाच लागतो. मात्र १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या कोर्सेससाठी साध्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याला कुणालाच सोबत नेता येत नाही, नवऱ्यालाही नाही आणि बायकोलाही नाही. पीएचडी किंवा संशोधनावर आधारलेली वरची पदवी असेल, अथवा सरकारी शिष्यवृत्तीवर ६ महिन्यांहून मोठा कोर्स असेल, तरच जोडीदाराचा अर्ज करता येतो. सरकारी शिष्यवृत्तीची ही सूट आपल्या मुलांसाठी मोलाची आहे. आपली शिष्यवृत्ती त्यात बसते का, हे प्रवेश घेतानाच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

नोकरीसाठी जाणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. मिरज हे दवाखान्यांचे शहर, तिथून शिकलेल्या नर्सेस जगभर आहेत. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून गेलेल्या मुलीला जोडीदार नेता येतो. पण वृद्धांची, आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या केअर वर्करना ११ मार्च २०२४ पासून ते दार बंद झाले. म्हणजे कमी पगाराचे, अंगमेहनतीचे काम करणाऱ्यांचाच संसार आधी तोडला गेला. हा न्याय आपल्या ओळखीचा आहे.

कॅनडात 'कॉमन लॉ' जोडीदार मानला जातो, पण त्यासाठी सलग १२ महिने एकत्र राहिल्याचे दाखवावे लागते. शिवाय २१ जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्याच्या जोडीदाराला कामाचा परवाना हवा असेल तर विद्यार्थ्याचा मास्टर्सचा कोर्स किमान १६ महिन्यांचा, किंवा शिक्षण पीएचडीचे अथवा ठरावीक व्यावसायिक पदव्यांचे असावे लागते. ऑस्ट्रेलियात 'डी फॅक्टो' जोडीदारासाठी साधारणपणे १२ महिन्यांचे नाते दाखवावे लागते. नेदरलँड्समध्ये नाते किती वर्षांचे याची अट नाही. दोघेही २१ वर्षे पूर्ण केलेले हवेत, दोघे अविवाहित असल्याचे कागद हवेत, आणि तिथे पोचल्यावर एकाच पत्त्यावर राहायला हवे.

अमेरिकेत विद्यार्थ्याच्या आणि नोकरदाराच्या मागे जाणारा व्हिसा फक्त नवरा-बायकोला मिळतो. अविवाहित जोडीदाराला फार तर पर्यटकाचा व्हिसा मागता येतो. त्यावर नोकरी करता येत नाही आणि तो मिळेलच असेही नाही. जर्मनीतही कुटुंबाचा व्हिसा लग्नाच्या जोडीदारालाच आहे. दुबईत आता लग्नाशिवाय एकत्र राहणे गुन्हा नाही, पण जोडीदाराला आपल्या नावावर राहण्याचा परवाना काढायचा तर विवाह प्रमाणपत्र लागते.

हे नियम वरचेवर बदलतात. एजंटच्या तोंडावर किंवा आमच्या या लेखावरही अर्ज करू नका. ज्या दिवशी अर्ज कराल त्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरचा नियम स्वतः वाचा.

पुरावा कुठून आणायचा?

आता वरच्या यादीकडे पुन्हा बघा. जिथे जिथे अविवाहित जोडीदाराला जागा आहे, तिथे तिथे अधिकारी काय मागतात? दोघांच्या नावाचा भाडेकरार. बँकेतले जोडखाते. एकाच पत्त्यावर आलेली विजेची, गॅसची बिले. एकमेकांना पाठवलेले पैसे. सणावाराचे, सहलीचे, दोन्ही घरच्या माणसांबरोबरचे फोटो. नातेवाइकांची पत्रे.

मिरजेच्या त्या मुलीने आणि वाळव्याच्या त्या मुलाने हे कुठून आणायचे? पुण्यात खोली बघायला गेले की पहिला प्रश्न 'फॅमिली की बॅचलर?' आणि दुसरा प्रश्न 'आडनाव काय?' दोघांची आडनावे ऐकून घरमालक गप्प होतो आणि दुसऱ्या दिवशी 'भाडेकरू मिळाला' असे कळवतो. म्हणून करार एकाच्याच नावावर होतो. आधार कार्डावर गावाचा पत्ता असतो, कारण पत्ता बदलला की घरी चौकशी सुरू होते. मोबाईलमध्ये त्याचे नाव 'स्वाती ऑफिस' म्हणून सेव्ह असते. फोटो काढले की त्याच रात्री डिलीट होतात, कारण सुट्टीत गावी गेल्यावर भाऊ मोबाईल हातात घेतो. चार वर्षे हे नाते लपवल्यामुळे टिकले. आणि जे लपवून टिकवले, त्याचा पुरावा त्यांनी स्वतःच्याच हाताने पुसलेला असतो.

सवर्ण मध्यमवर्गीय जोडप्यालाही घरमालकाचा त्रास होतो, हे आम्ही नाकारत नाही. पण त्यांच्या आईवडिलांना कळले तर फार तर घरात भांडण होते, चार दिवसांनी साखरपुडा ठरतो. आंतरजातीय जोडप्याचे तसे नसते. त्यातली एक बाजू आपली असली की कळण्याचा अर्थ बहिष्कार, मारहाण, वस्तीवर हल्ला, आणि कधी कधी खून. नगर जिल्ह्यातल्या सोनई आणि खर्डा या गावांची नावे आपल्यापैकी कोण विसरले आहे? म्हणून पुरावा नसण्याचे कारण 'लाज' नाही, भीती आहे. या भीतीचे नाव जात आहे.

ब्रिटनच्या सरकारी सूचनांमध्ये एक सोय आहे. जोडपे एकत्र राहत नसेल तर त्याचे कारण सांगता येते. दोघे वेगळ्या ठिकाणी शिकत किंवा नोकरी करत असतील, किंवा लग्नाआधी एकत्र राहणे त्यांच्या संस्कृतीत मान्य नसेल, तर अधिकारी बाकीचे पुरावे पाहतात. नियमित संपर्क, एकमेकांना केलेली पैशाची मदत, एकत्र घालवलेला वेळ. सोय चांगली आहे, ती वापरली पाहिजे. पण 'संस्कृतीत मान्य नाही' या शब्दांपाशी आपण थांबले पाहिजे. कुणाच्या संस्कृतीत? पुस्तकी 'भारतीय संस्कृती'च्या नावाखाली जे खपवले जाते, ते आपल्या अनुभवात जातीची राखण करणारी व्यवस्था आहे. आपल्या मुलांनी त्या अर्जात 'आमची संस्कृती अशी आहे' असे गुळमुळीत का लिहावे? त्यांनी स्वच्छ लिहावे की आम्ही वेगवेगळ्या जातींचे आहोत, एकत्र राहिलो असतो तर आमच्या जिवाला धोका होता, आणि असा धोका या देशात असतो हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केले आहे. २७ मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी खटल्याच्या निकालात न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारे करायला सांगितले. हा निकाल अर्जाला जोडता येतो. परदेशातल्या अधिकाऱ्याला जात म्हणजे काय हे आपणच सांगितले पाहिजे, नाहीतर तो 'संस्कृती' हाच शब्द वाचत राहील.

आणि हेही लक्षात घ्या की जगाचे नियम बदलतात, फक्त मागणारा संघटित लागतो. न्यूझीलंडमध्ये जोडीदाराच्या व्हिसासाठी एकत्र राहिल्याचा पुरावा लागत असे. २०१९ मध्ये भारतातल्या ठरवून केलेल्या लग्नांतल्या जोडप्यांचे अर्ज त्यावरून नाकारले जाऊ लागले. तिथल्या भारतीयांनी ओरड केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने ठरवून केलेल्या लग्नासाठी वेगळी वाट काढली. म्हणजे पत्रिका आणि जात जुळवून केलेल्या लग्नाला जगाने समजून घेतले. जात मोडून केलेल्या प्रेमाची बाजू तिथे कुणी मांडली? ती मांडणारी संघटना आपली नसेल तर कुणाची असेल?

'मग लग्न करून जा ना'

हा सल्ला सगळ्यात सोपा, आणि अनेकांसाठी तोच योग्य मार्ग असेल. पण सल्ला देणाऱ्याने वाट चालून बघावी.

विशेष विवाह कायदा १९५४ चा. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेले हवे. नोटीस दिल्यावर ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते आणि ३० दिवस हरकतींची वाट बघतात. कुणी दुसऱ्या जिल्ह्याचा कायमचा रहिवासी असेल तर नोटीस त्या जिल्ह्यातही जाते. म्हणजे पुण्यात अर्ज केला तरी सांगलीच्या कार्यालयात दोघांची नावे, पत्ते झळकू शकतात. गावातला एक ओळखीचा माणूस पुरेसा असतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही जाहीर नोटीस जोडप्याच्या इच्छेवर ठेवावी असा निकाल दिला, पण महाराष्ट्रात त्याचा आधार मिळत नाही. उलट आपल्या राज्याने १३ डिसेंबर २०२२ ला आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करणारी समितीच नेमली. टीका झाल्यावर दोन दिवसांनी 'आंतरजातीय' शब्द काढला आणि आंतरधर्मीय जोडप्यांवरची नजर तशीच ठेवली. एका हाताने आंतरजातीय लग्नाला ५० हजारांचे प्रोत्साहन द्यायचे आणि दुसऱ्या हाताने यादी करायची, असा हा कारभार.

दुसरी वाट हिंदू विवाह कायद्याची. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यावर आपला आक्षेप आहे, बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायद्याची मागणी जुनी आहे आणि ती रास्तही आहे. पण आजच्या घडीला बौद्ध मुलगी आणि हिंदू मुलगा ३० दिवसांच्या नोटिशीशिवाय बौद्ध पद्धतीने लग्न करून, जिथे लग्न लागले तिथल्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत नोंदणी करू शकतात. जोडीदार मुस्लिम किंवा ख्रिश्चन असेल तर ही वाट खुली नाही.

इथे एक इशारा. एजंट सांगतात, 'विधी-बिधी नंतर करा, आधी प्रमाणपत्र काढून देतो, व्हिसापुरते.' एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने नेमक्या याच प्रकारावर बोट ठेवले. हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालाच नसेल तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न होत नाही, असे न्यायालयाने सांगितले. परदेशी व्हिसासाठी घाईने कागद करून ठेवण्याच्या प्रथेवरही टीका केली. म्हणून लग्न करायचे तर खरे करा, साक्षीदारांसमोर विधी करा, फोटो ठेवा. खोटा कागद जोडला तर ब्रिटनसारखा देश १० वर्षांपर्यंत दार बंद करू शकतो. आपल्या पोरांकडे दुसरी संधी नसते.

आणि ज्यांना लग्न करताच येत नाही त्यांचे काय? १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांच्या लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. सांगलीत, साताऱ्यात असे जोडपे नाही असे समजणे भाबडेपणाचे आहे. त्यांच्यासाठी 'अविवाहित जोडीदार' हा एकच रकाना उरतो. 'लग्न करून जा' म्हणणाऱ्याने त्यांना काय सांगायचे?

पैशाची जात

समजा पुरावा जमला. मग पैसे. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्याच्या जोडीदारासाठी लंडनबाहेर महिन्याला ६८० पौंड आणि लंडनमध्ये ८४५ पौंड, असे ९ महिन्यांपर्यंतचे पैसे खात्यात दाखवावे लागतात. लंडनबाहेर धरले तरी ते ६,१२० पौंड होतात, म्हणजे सात लाख रुपयांच्या आसपास. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, व्हिसाची फी वेगळी. केंद्राच्या शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे ही अट आहे. म्हणजे ज्या घराचे वर्षाचे सगळे उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी, त्या घरच्या मुलीने जोडीदारासाठी सात लाख बाजूला काढून दाखवायचे. ज्यांच्या नावावर ऊस आहे, गाळे आहेत, त्यांना हे जमते. ज्यांच्या आजोबांनी दुसऱ्याच्या उसावर कोयता चालवला, त्यांना नाही.

कोयत्याची आठवण आम्ही मुद्दाम करून देतो. आपल्या भागातल्या साखर कारखान्यांना दर हंगामात मजूर लागतात तेव्हा नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' धरतात. उचल जोडीला मिळते, फडात जोडी उतरते. एकटा आला तर मुकादमाला परवडत नाही. श्रम लुटायचे असतात तेव्हा जोडीने या म्हणतात. ज्ञान घ्यायला निघालो की एकटे जा म्हणतात.

रमाईचे नाव घेऊन गप्प बसवू नका

आता आपल्याच माणसांशी बोलू. चळवळीतले ज्येष्ठ म्हणतात, 'बाबासाहेब १९१३ मध्ये अमेरिकेला गेले, १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले, रमाई मागे राहिल्या, हलाखी सोसली. आजच्या पोरांना चार वर्षे दूर राहवत नाही का?'

रमाईंच्या कष्टांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण त्या मागे राहिल्या कारण घरात पैसा नव्हता आणि दुसरी वाट नव्हती. ती दारिद्र्याने आणि जातीने लादलेली ताटातूट होती. तिला आदर्श म्हणून पुढच्या पिढीवर लादणे हा रमाईंचा सन्मान नव्हे. आणि जरा बघा, हा दाखला कुणाला दिला जातो? मुलगा जात असेल तर मागे राहणाऱ्या मुलीला रमाई व्हायला सांगतात. मुलगी जात असेल तर मुलाला कुणी 'रमाई हो' म्हणत नाही, त्याला म्हणतात, 'बायकोच्या जिवावर जाणार का?' मिरजेच्या मुलीबरोबर तो मुलगा व्हिसावर 'अवलंबित' म्हणून जाणार असेल तर त्यात कमीपणा कसला? बाईने अवलंबून राहिलेले चालते आणि पुरुषाने नाही, हा मनूचा हिशोब आहे, आपला नाही.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म नेमके सांगितले. जातीतच लग्न करण्याचे बंधन हा जातीचा प्राण आहे. वीस वर्षांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये त्यांनी आंतरजातीय विवाहाला खरा उपाय म्हटले. १५ एप्रिल १९४८ ला त्यांनी स्वतः डॉ. शारदा कबीर यांच्याशी, म्हणजे आपल्या माईसाहेबांशी, नोंदणी पद्धतीने लग्न केले. हा वारसा घेऊन आपण जोडीदार निवडण्याच्या हक्काला 'खाजगी भानगड' कसे म्हणू शकतो?

दुसरा आक्षेप असा की ॲट्रॉसिटीचे खटले पडून आहेत, वसतिगृहे गळतात, शिष्यवृत्तीचे हप्ते थकतात, आणि तुम्हाला परदेशी जाणाऱ्या जोडप्यांची पडली आहे. हे सगळे प्रश्न मोठे आहेत. पण हा प्रश्न त्यांच्यापासून वेगळा नाही. जे जोडपे पुण्यात खोली मिळवू शकत नाही, विवाह कार्यालयात भीतभीत जाते, त्याच जोडप्याचा हा पुढचा मुक्काम आहे.

तिसरा आक्षेप हळू आवाजात येतो. 'आपल्या पोरी बाहेर जातील.' मराठा मुलगी आपल्या मुलाबरोबर आली तर क्रांती, आणि आपली मुलगी मातंग, चर्मकार किंवा मुस्लिम मुलाबरोबर निघाली तर संकट? जातीअंताचे गणित एकाच बाजूने सोडवता येत नाही.

करायचे काय?

मित्रमैत्रिणींनो, जायचा विचार आज असेल तर तयारी आजपासून करा.

१. पासपोर्ट आधी काढा आणि स्वतःजवळ ठेवा. १८ वर्षे पूर्ण झालेल्याला आईवडिलांची संमती लागत नाही. डिसेंबर २०१६ पासून विवाहितांनाही पासपोर्टसाठी विवाह प्रमाणपत्र जोडावे लागत नाही. आज जिथे राहता त्या पत्त्यावर अर्ज करा, म्हणजे पोलीस चौकशी गावच्या घरी जाणार नाही.

२. नात्याचा कागद जपा. शक्य असेल तर दोघांच्या नावाचा नोंदणीकृत भाडेकरार करा. नसेल जमत तर एकमेकांना पैसे बँकेतून पाठवा, प्रवासाची तिकिटे, निवडक संदेश, फोटो एका वेगळ्या ईमेलवर ठेवा. मोबाईलमधून पुसले तरी तिथे राहतील.

३. ज्यांना तुमचे नाते माहीत आहे अशा दोन-चार विश्वासू माणसांकडून तारीख घातलेली पत्रे घ्या. मित्र, शिक्षक, कार्यकर्ते, कुणीही. घरचे सही करणार नसतील तर चळवळीने करावी.

४. धोका वाटला तर ११२ वर फोन करा, जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. ही पोच तुमचे संरक्षण आहे आणि उद्या व्हिसाच्या अर्जात पुरावाही आहे.

५. देश निवडताना विद्यापीठाच्या क्रमवारीबरोबर जोडीदाराचा नियमही बघा. प्रवेश आल्यावर नव्हे, अर्ज करतानाच.

संघटनांनी काय करावे? सातारा-सांगलीच्या मातीत लग्नाची रीत बदलण्याचे धाडस नवे नाही. इथल्या गावांनी सत्यशोधक लग्ने पाहिली, प्रतिसरकारच्या काळात कमी खर्चाचे 'गांधी विवाह' पाहिले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे गाव सातारा, त्यांच्या कार्यकर्त्यांनी आंतरजातीय जोडप्यांना आधार देण्याचे काम केले. त्या कामाशी आपण जोडून घेऊ. प्रत्येक तालुक्यात एक वकील, एक परदेशात शिकून आलेला मुलगा किंवा मुलगी, आणि ज्याच्या घरी जोडपे चार दिवस राहू शकेल असा एक कार्यकर्ता, एवढी तीन माणसे पुरेत.

आणि सरकारकडे मागण्या तीन. विशेष विवाह कायद्याची जाहीर नोटीस बंद करा. शक्ती वाहिनी निकालानुसार सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या विशेष कक्षांचे फोन नंबर आणि निवाऱ्यांची माहिती प्रत्येक कॉलेजच्या फलकावर लावा. आणि परदेशी शिष्यवृत्तीत जोडीदाराच्या निर्वाहाची तरतूद करा, लग्न झालेल्याच्याही आणि न झालेल्याच्याही.

७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्र तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतो. येत्या ७ नोव्हेंबरला साताऱ्यात अभिवादनाच्या मांडवाशेजारी एक टेबल लावू. त्यावर पासपोर्टचे, शिष्यवृत्तीचे, व्हिसाचे आणि विवाह नोंदणीचे अर्ज ठेवू, आणि समोर येणाऱ्या जोडप्याला आडनाव न विचारता बसायला खुर्ची देऊ.

जय भीम!